सिसॉपचे घर

या पुस्तकातल्या जवळपास सगळ्या घटना लोकांच्या राहत्या घरांत घडतात. तळघरात, माळ्यावर, सामान हलवून रिकाम्या केलेल्या कपाटात किंवा झोपायच्या खोलीत एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू आहे. त्याला मोडेम जोडलेला आहे आणि मोडेमला फोनची लाइन. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपल्या कॉम्प्युटरवरून तो नंबर फिरवतो. इकडे घंटा वाजते, मोडेम आपणच फोन उचलतो, दोन्ही यंत्रे काही सेकंद एकमेकांना शिट्ट्या मारतात आणि फोन करणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरे उमटू लागतात : नाव सांगा, पासवर्ड सांगा. आत शिरल्यावर तो आधी येऊन गेलेल्यांनी लिहिलेले निरोप वाचतो, त्यांना उत्तरे लिहितो, एखादी फाइल उतरवून घेतो, एखाद्या खेळातली आजची चाल खेळतो आणि फोन ठेवतो. मग दुसऱ्या कुणाचा तरी फोन लागतो. तोवर त्या दुसऱ्याला नंबर एंगेज येत असतो.

या व्यवस्थेला बुलेटिन बोर्ड सिस्टिम म्हणत, थोडक्यात बीबीएस. ती चालवणारा तो सिस्टिम ऑपरेटर, म्हणजे सिसॉप. १९७८ मध्ये अमेरिकेत पहिला बोर्ड सुरू झाला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे जग वाढत राहिले. १९९४ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ६० हजार बोर्ड आणि १ कोटी ७० लाख वापरणारे असावेत, असा तेव्हाच्या संगणकविषयक नियतकालिकांतला अंदाज होता. त्यानंतर वेब घराघरांत पोहोचले आणि दोन-तीन वर्षांत यातले बहुतेक बोर्ड बंद पडले.

इंटरनेटचा इतिहास सांगणारे बहुधा अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेटपासून सुरुवात करतात, विद्यापीठांत थोडे थांबतात आणि तिथून थेट वेबवर येतात. मधली ही वाट सुटते. ती सुटू नये, असे मला मनापासून वाटते. अनोळखी माणसे एका पडद्यापाशी जमू लागली, तर तिथे लक्ष कोणी ठेवायचे, भांडणे कोणी मिटवायची, खर्च कोणी सोसायचा आणि काही बेकायदा घडले तर जबाबदार कोणाला धरायचे, या प्रश्नांना सामान्य माणसांनी पहिल्यांदा मोठ्या संख्येने तोंड दिले ते इथे. त्यांचे उत्तर साधे होते : ज्याच्या घरात यंत्र आहे, त्याने. जागा सर्वांची, घर मात्र एकाचे. बीबीएसचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका गोष्टीतून निघालेले आहेत. पुस्तकातली प्रकरणे वेगवेगळ्या दिशांनी जात असली, तरी त्यांच्या तळाशी हेच सूत्र आहे.

आधीही काही प्रयोग झाले होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे १९७३ मध्ये ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रकल्पाने रेकॉर्डच्या एका दुकानात टेलिटाइप यंत्र ठेवले होते. त्यावर कुणीही येऊन निरोप लिहावा, शोधावा. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर विद्यार्थी एकमेकांशी लिहून चर्चा करत होते. पण या दोन्हींच्या मागे मोठे, संस्थेचे यंत्र होते. हौशी माणसाने स्वतः जोडलेल्या यंत्रावर स्वतःच्या फोनने हे करायचे, ही कल्पना शिकागोची.

वॉर्ड क्रिस्टेन्सन आयबीएममध्ये नोकरी करत. रँडी स्यूस हार्डवेअरमध्ये तरबेज. दोघेही शिकागोच्या हौशी संगणकप्रेमींच्या एका मंडळाचे सभासद होते. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडले, घराबाहेर पडणे अशक्य झाले आणि क्रिस्टेन्सननी स्यूसना फोन केला. मंडळाच्या सभासदांनी वार्तापत्रासाठीचा मजकूर फोनवरून थेट कॉम्प्युटरवर टाकावा, असे काही करता येईल का, एवढाच मूळ विचार होता. स्यूस यांचे म्हणणे पडले की यात मंडळाला आणायला नको. समितीच्या हाती गेले की काम रेंगाळते. हार्डवेअर मी करतो, प्रोग्रॅम तू लिही. क्रिस्टेन्सननी ८०८० प्रोसेसरसाठी असेंब्ली भाषेत प्रोग्रॅम लिहिला आणि स्यूसनी आठ इंची फ्लॉपीवर चालणारे यंत्र जुळवले. प्रत्यक्ष काम दोन आठवड्यांत झाले होते, पण त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून एक महिना लागल्याचे सांगितले, असे क्रिस्टेन्सन पुढे सांगत. म्हणून वाढदिवस धरला जातो तो १६ फेब्रुवारी १९७८. नाव ठेवले सीबीबीएस. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ‘बाइट’ मासिकात दोघांनी त्याची सगळी रचना लिहून प्रसिद्ध केली आणि ती वाचून इतरांनी आपापले बोर्ड उभारायला घेतले.

स्यूस यांचा तो समितीला दिलेला नकार मला या इतिहासातला फार महत्त्वाचा क्षण वाटतो. बीबीएस जन्मतःच संस्थेबाहेरचा ठरला, तो तिथे. यंत्र स्यूस यांच्याच घरी राहिले, त्यालाही सरळ व्यावहारिक कारण होते. ते शहरात राहत, क्रिस्टेन्सन उपनगरात. शहरातल्या नंबरावर फोन करणे बहुतेकांना स्वस्त पडणार होते.

इथे फोनच्या दरांविषयी लिहिणे भाग आहे, कारण बीबीएसचा भूगोल त्यांनीच आखला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी महिन्याचे ठरावीक पैसे भरले की स्थानिक फोन कितीही वेळ करता येत. शहराबाहेरचा फोन म्हणजे आपल्याकडच्या तेव्हाच्या एसटीडीसारखा मिनिटागणिक महाग. त्यामुळे माणूस तासन् तास बसायचा ते आपल्याच शहरातल्या बोर्डावर. तिथे भेटणारे लोक त्याच शहरातले, त्याच थंडीने गारठलेले, त्याच नगरपालिकेवर चिडलेले. महिन्या-दोन महिन्यांनी ते एखाद्या पिझ्झाच्या दुकानात जमत, उन्हाळ्यात बागेत सहलीला जात आणि आजवर नुसत्या नावाने ओळखलेल्या माणसांचे चेहरे पाहत. ब्रिटनमध्ये आणि युरोपात बहुतेक ठिकाणी स्थानिक फोनलाही मीटर पडत असे. तिथेही बोर्ड निघाले, पण लोक घड्याळाकडे पाहत वाचत आणि बरेचसे लिखाण फोन तोडून मग करत.

फोनला परके यंत्र जोडण्याची मुभासुद्धा भांडून मिळालेली होती. टेलिफोन कंपनीच्या जाळ्याला कंपनीचेच उपकरण जोडायचे, असा बेल कंपनीचा दंडक होता. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी वायरलेस आणि टेलिफोन यांची सांगड घालणारे उपकरण विकायला घेतले, कंपनीने हरकत घेतली आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरही बरीच वर्षे लोक फोनचा रिसीव्हर रबरी वाट्यांत बसवून काम भागवत. मोडेमची तार थेट भिंतीतल्या फोनच्या खाचेत घालायची सोय सर्रास झाली, ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. मग १९८१ मध्ये हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. त्याला कॉम्प्युटरने ‘एटी’ने सुरू होणाऱ्या साध्या आज्ञा द्यायच्या : नंबर फिरव, उचल, ठेव. पुढे सगळ्याच कंपन्यांनी याच आज्ञा उचलल्या.

वेगाची कल्पना आज यायला थोडा हिशेब मांडावा लागेल. सुरुवातीचे मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवत, म्हणजे साधारण ३० अक्षरे. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा एक पडदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ लागे. वाचणाऱ्याचा डोळा यंत्राच्या पुढे धावे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या २४०० बिटच्या मोडेमवर तोच पडदा आठ सेकंदांत भरत असे, पण एका १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीइतका मजकूर उतरवायला पावणेदोन तासांच्या आसपास लागत आणि तेवढा वेळ त्या बोर्डाचा फोन बाकी सगळ्यांना बंद. फाइल वाटेत बिघडू नये, म्हणून क्रिस्टेन्सननी १९७७ मध्येच एक पद्धत लिहिली होती. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या बेरजेचा ताळा पाठवायचा, ताळा जुळला नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा मागायचा. एक्समोडेम या नावाने ती जगभर वापरली गेली. त्यांनी ती सर्वांना मोफत देऊन टाकली होती.

आता सिसॉपविषयी. या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्या रोजच्या कामाने व्यापला आहे आणि तो तसाच असायला हवा. बोर्ड सुरू करणे सोपे होते, चालवणे कठीण.

एका लाइनीवर एका वेळी एकच माणूस. म्हणून पहिला नियम वेळेचा : दिवसाला प्रत्येकी अर्धा तास, पाऊण तास, फार तर एक तास. वेळ संपली की प्रोग्रॅम निरोप देऊन फोन तोडे. लोकप्रिय बोर्डावर शिरण्यासाठी लोक आपल्या मोडेमला पुन्हा पुन्हा नंबर फिरवायला लावत आणि शेजारी पुस्तक घेऊन बसत. घरातल्या दुसऱ्या कुणी एक्स्टेन्शन उचलले की लाइन तुटे. कॉल वेटिंगची टुकटुक आली तरी तुटे. तारांत पावसाचे पाणी शिरले की पडद्यावर भलतीच चिन्हे सांडत. अनेक बोर्ड शाळकरी मुलांचे असत. त्यांना आईवडिलांची लाइन फक्त रात्री मिळे, म्हणून बोर्डाच्या यादीत नंबरापुढे वेळही छापलेली असे : रात्री दहा ते सकाळी सहा.

येणारा माणूस जे टाइप करे, ते सिसॉपच्या पडद्यावर त्याच क्षणी अक्षरागणिक उमटत असे. तो काय वाचतो आहे, कुठे अडखळतो आहे, कोणते वाक्य लिहून खोडतो आहे, सगळे दिसे. सिसॉपला वाटले तर एक कळ दाबून तो मध्येच बोलायला येई. पाहुण्यालाही सिसॉपला हाक मारता येई, की इकडे घंटी वाजायची. रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या दोन माणसांनी अशा टाइप करून किती गप्पा मारल्या असतील, त्याची नोंद कुठेही नाही. ही जवळीक होती आणि पाळतही होती. दोन्ही एकाच खिडकीतून. चांगले सिसॉप पहिल्याच पडद्यावर लिहून ठेवत, की इथले खासगी निरोपही मला दिसू शकतात. तो प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे येणाऱ्याला आपण कुणाच्या घरात उभे आहोत याचे भान राही.

नव्या माणसाला लगेच सगळीकडे प्रवेश नसे. तो अर्ज भरे, सिसॉप त्याने दिलेल्या नंबरावर फोन करून दोन वाक्ये बोले आणि मग त्याची पातळी वाढवी. काही बोर्डांवर खरे नाव सक्तीचे, काहींवर टोपणनावांची चंगळ. शिवीगाळ करणाऱ्याला सिसॉप एकदा समजावे, दोनदा समजावे, तिसऱ्यांदा हाकले. यावर दाद मागायला कुणी नव्हते. सिसॉप लहरी असला तर बोर्ड लहरी, दोन-चार मित्रांनाच झुकते माप देणारा असला तर तेही निमूट सोसावे लागे. पण त्याच शहरात आणखी वीस-तीस बोर्ड असत. माणूस दुसरा नंबर फिरवी, आणि फार चिडला तर मोडेम घेऊन स्वतःचाच बोर्ड काढी. या जगात शिस्त टिकली ती मुख्यतः या शक्यतेमुळे.

डिस्क लहान होत्या. १९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तेव्हा ती खूप वाटली होती. निरोपांची संख्या ठरलेली असे, नवे आले की जुने पुसले जात. पहाटे एक तासभर बोर्ड बंद ठेवून प्रोग्रॅम निरोपांची आवराआवर करी, नको त्या नोंदी काढी, बॅकअप घेई. दुसऱ्या फोन लाइनीचे बिल, दर दोन वर्षांनी जुना ठरणारा मोडेम, विजेचा खर्च हे सगळे सिसॉपच्या खिशातून. काही जण वर्षाची वर्गणी घेत, बहुतेक काहीच घेत नसत. यूएस रोबोटिक्स ही मोडेम बनवणारी कंपनी सिसॉपना मोठ्या सवलतीत मोडेम देई, कारण बोर्डावर जो मोडेम असेल तोच फोन करणारे घेतात, हे तिने ओळखले होते.

प्रोग्रॅम अनेक होते. पीसीबोर्ड आणि वाइल्डकॅट विकत मिळत. आरबीबीएस-पीसीचा बेसिक भाषेतला सोर्स सर्वांना खुला होता, तर डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही हा प्रोग्रॅम वेन बेल यांनी शाळेत असताना लिहायला घेतला आणि पुढे पैसे भरणाऱ्याला ते त्याचा सोर्सही देत. त्यामुळे तो प्रत्येक घरी थोडा बदलला. मेनूतले शब्द, स्वागताचे चित्र, नियमांची भाषा यांवरून सिसॉपचा स्वभाव कळे. ती चित्रे आयबीएम पीसीच्या २५६ चिन्हांतून आणि १६ रंगांतून रचलेली असत. त्या मर्यादेत काही तरुणांनी जे काम केले आहे त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

हे सगळे बोर्ड एकटे होते, तोवर त्यांच्या भिंती शहराच्या वेशीपाशी संपत. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी त्या ओलांडायची युक्ती काढली. एसटीडी रात्री स्वस्त असे. दिवसभर लोकांनी लिहिलेले परगावचे निरोप साठवून ठेवायचे आणि मध्यरात्रीनंतर बोर्डाच्याच यंत्राने परगावच्या बोर्डाला फोन करून ते एका दमात पोहोचवायचे. पहिला जोडीदार बाल्टिमोरचे जॉन मॅडिल. जेनिंग्ज यांच्या प्रोग्रॅमचे नाव फायडो होते, म्हणून जाळ्याचे नाव फायडोनेट. १९८५ च्या सुरुवातीला त्यावर शंभराहून अधिक बोर्ड होते, दहा वर्षांनी जगभरात ३० हजारांहून अधिक.

यंत्रे एकमेकांना फोन करणार, तर नंबरांची यादी अचूक हवी. जेनिंग्जनी लिहून ठेवले आहे, की यादीत एक नंबर चुकला आणि एका वृद्ध बाईंच्या घरी रात्री-अपरात्री फोन वाजू लागला. उचलावा तर पलीकडून शिट्टी. अशा प्रकारांमुळे यादी सांभाळणे हे स्वतंत्र, जबाबदारीचे काम झाले. ते सेंट लुइसच्या सिसॉपनी अंगावर घेतले आणि १९८५ मध्ये सगळे जाळे विभागांत बसवले. पुढे प्रत्येक बोर्डाला तीन भागांचा पत्ता मिळाला : खंड, नेट, नोड. आशियाला सहावा खंड मिळाला. शहरातल्या एका बोर्डाने सगळ्यांची बाहेरची टपाल उचलावी आणि एसटीडीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, हे त्यातून शक्य झाले. पहाटेचा एक तास साऱ्या जाळ्यावर टपालासाठी राखीव असे. त्या वेळी माणसांनी फोन करायचा नाही.

फायडोनेटच्या नियमावलीत वागणुकीबद्दलचा गाभा एवढाच होता, की कुणाला अति त्रास देऊ नये आणि स्वतः चटकन त्रासून जाऊ नये. याचा दुसरा भाग पहिल्याहून कठीण आहे, आणि तो नियम म्हणून लिहिणाऱ्यांनी माणसे नीट पाहिली होती.

मग डॅलसच्या जेफ रश यांनी आणखी एक गोष्ट जोडली. तिथल्या सिसॉपना पिझ्झा खायला जमायचे होते आणि बेत ठरवण्यासाठी प्रत्येकाला वेगवेगळे निरोप धाडण्याचा कंटाळा आला होता. रश यांनी असे केले, की एका बोर्डावर लिहिलेला निरोप साखळीतल्या सगळ्या बोर्डांवर उमटावा. त्याला एकोमेल म्हणत. दोन-तीन वर्षांत शेकडो विषयांच्या चर्चा अशा देशभर फिरू लागल्या. निरोपाला देशाच्या एका टोकावरून दुसऱ्याला जायला दोन-तीन दिवस लागत, उत्तर यायला आणखी तेवढेच. रागावलेल्या माणसाला शांत व्हायला तेवढा वेळ मिळे. नेहमी तो शांत होई असे नव्हे. फायडोनेटवरची भांडणे कुप्रसिद्ध आहेत आणि त्यांतली सर्वांत कडवी भांडणे सिसॉपांची आपापसांत, अधिकारावरून झाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरच्या जगाशी ई-मेलने जोडले ते फायडोनेटने. त्यांची टपाल अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये रँडी बुश यांच्या घरच्या यंत्रावरून ये-जा करी. रशियात १९९० नंतर हे जाळे झपाट्याने पसरले. तिथे एक अडचण अशी, की रशियन लिपीतल्या एका मोठ्या अक्षराचा संकेतांक फायडोच्या प्रोग्रॅमला ओळीची खूण वाटे आणि तो ते गिळून टाकी. ते अक्षर दिसायला हुबेहूब रोमन ‘एच’सारखे असल्याने रशियन लोक त्या जागी ‘एच’च टाइप करू लागले आणि काम भागले. देवनागरीचे दुखणे इतक्या स्वस्तात सुटणारे नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले तर पडद्यावर देवनागरी दिसे, पण समोरच्याकडेही ते असल्याशिवाय बोर्डावर मराठी वाचता येणार नव्हते. तिथे मराठी माणसाला मराठी लिहायची तर रोमन अक्षरांतच.

जबाबदारी एका माणसाची, हे कायद्यालाही लवकर कळले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका सिसॉपचे यंत्र पोलिसांनी उचलून नेले, कारण त्याच्या बोर्डावर कुणीतरी चोरलेल्या कॉलिंग कार्डाचा नंबर लिहून ठेवला होता. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण प्रश्न राहिला : दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीसाठी घरमालक कितपत दोषी? १ मार्च १९९० रोजी ऑस्टिनमध्ये सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर छापा घालून तिचा ‘इल्युमिनाटी’ हा बोर्डही जप्त केला. त्यावर लोकांची न वाचलेली खासगी पत्रे होती. कंपनीने खटला भरला आणि १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारी कारवाई बेकायदा ठरवून ५० हजार डॉलरची भरपाई दिली. बोर्डावरचे पत्रही पत्रच असते, हे त्या निकालाने मान्य केले. डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था १९९० मध्ये स्थापन झाली, त्यामागे याच काळातले छापे होते.

याउलट जाणाराही एक खटला आहे. कॅलिफोर्नियातले एक जोडपे अश्लील चित्रांचा बोर्ड चालवी. १९९४ मध्ये त्यांना शिक्षा झाली ती टेनेसीमधल्या मेम्फिस इथे, तिथल्या समाजाच्या सभ्यतेच्या मापाने, कारण तिथून एका सरकारी तपासनिसाने फोन करून चित्रे उतरवली होती. स्थानिक असणे हे ज्या माध्यमाचे बळ, त्याला आता कोणत्या गावचे नियम लावायचे, हा पेच तिथे उघडा पडला. बोर्डांवर चोरीचे सॉफ्टवेअर आणि अशी चित्रे भरपूर होती. ते झाकून हा इतिहास लिहिणे अप्रामाणिक ठरेल, आणि पुस्तकाने ते झाकलेले नाही.

पण एका बोर्डाविषयी वाचकाने आवर्जून वाचावे. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बेन गार्डिनर यांनी एड्सविषयीच्या माहितीचा बोर्ड सुरू केला. त्या शहरात तरुण माणसे मरत होती, वर्तमानपत्रांत भीती जास्त आणि माहिती कमी होती, आणि ज्याला लागण झाल्याची शंका असे त्याला डॉक्टरांना विचारायचीही धास्ती वाटे. गार्डिनर यांच्या बोर्डावर फोन करून कुणीही, नाव न सांगता, औषधोपचारांचे लेख वाचू शके, प्रश्न विचारू शके, आपल्यासारख्या दुसऱ्याने लिहिलेले वाचू शके. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. बीबीएसची किंमत काय होती, असे कुणी विचारले तर मी आधी हे प्रकरण पुढे करतो.

फाइलींच्या देवघेवीविषयी थोडक्यात. फिल कॅट्झ यांचा १९८९ चा पीकेझिप हा प्रोग्रॅम बोर्डांमुळे पसरला आणि झिप फाइल आजही आपल्या रोजच्या वापरात आहे. आधी वापरा, आवडले तर पैसे पाठवा या तत्त्वावरचे शेअरवेअर याच वाटेने वाढले. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ बाहेर पडला तोही विद्यापीठाच्या सर्व्हरइतकाच बोर्डांवरून.

भारतात हे जग छोटे राहिले, आणि कारण पुन्हा फोन. १९९१ मध्ये सुमारे ८४ कोटी लोकांच्या देशात सुमारे ५० लाख टेलिफोन होते आणि घरी फोन यायला वर्षे लागत. जिथे एक लाइन मिळणे मुश्कील, तिथे दुसरी लाइन परक्यांसाठी चोवीस तास मोकळी सोडणारा माणूस किती निश्चयाचा असेल, याचा विचार करावा. तरीही मुंबई, बंगळूर अशा शहरांत बोर्ड निघाले. बंगळूरला अतुल चिटणीस यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला सीआयएक्स त्यांतला सर्वांत परिचित. पुढे ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सच्या सीडी देशभर पोहोचवण्यात आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करण्यात चिटणीस आघाडीवर होते. २०१३ मध्ये, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, ते गेले. दूरसंचार खात्याने बोर्ड आणि ई-मेल सेवांसाठी वर्षाला लाखांच्या घरातले परवाना शुल्क मागितले, तेव्हा हौशी सिसॉपांपुढे लढणे किंवा बंद करणे एवढेच पर्याय उरले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि हा वाद मागे पडला. माझ्या मते त्या शुल्काने आपल्याकडे एक चांगली सवय रुजण्याआधीच उपटली गेली. आपल्या गावाची चर्चा आपल्याच गावातल्या, आपल्या ओळखीच्या माणसाच्या यंत्रावर चालावी, हा अनुभव भारतात फार थोड्यांना मिळाला.

अमेरिकेतला शेवट वेगळा झाला. तिथे अनेक सिसॉपांकडे फोनच्या लाइनी, मोडेमांच्या चळती आणि गिऱ्हाईक सांभाळण्याचा अनुभव तयार होता. वेबची मागणी वाढताच त्यांनी त्याच लाइनींवर गावाला इंटरनेट पुरवायला घेतले. सिसॉपांचे ‘बोर्डवॉच’ हे मासिक बघता बघता इंटरनेट पुरवठादारांचे मासिक झाले. १९९६ च्या अखेरीस अमेरिका ऑनलाइनने महिन्याच्या ठरावीक रकमेत हवे तितके इंटरनेट दिले आणि स्थानिक फोन फुकट असण्याने बीबीएसला जे दिले होते, ते आता वेबला मिळाले. उरलेल्या बोर्डांचे फोन हळूहळू वाजेनासे झाले.

या काळाचे जे काही आज वाचायला मिळते, त्यातले पुष्कळसे जेसन स्कॉट यांच्यामुळे. त्यांनी बोर्डांवरचे मजकूर, याद्या, नियतकालिके वर्षानुवर्षे गोळा केली आणि २००५ मध्ये, दोनशेहून अधिक लोकांशी बोलून, आठ भागांचा माहितीपट केला. त्यात क्रिस्टेन्सन आणि स्यूस दोघेही बोलताना दिसतात. स्यूस २०१९ मध्ये वारले, क्रिस्टेन्सन २०२४ मध्ये. हे काम दहा वर्षे उशिरा सुरू झाले असते, तर यातले बरेच आवाज हाती लागले नसते.

भारतीय बोर्डांसाठी असे काम व्हायचे आहे. मुंबई-पुण्यात, बेळगाव-बंगळुरात किंवा परदेशी गेलेल्यांपैकी कुणी बोर्ड चालवला असेल, कुणी नियमाने फोन करत असेल, तर त्यांच्या कपाटात अजून फ्लॉप्या, निरोपांचे प्रिंटआउट, नंबरांच्या याद्या असू शकतात. फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद काळाबरोबर क्षीण होत जाते, त्यामुळे वाट पाहू नये. साडेतीन इंची फ्लॉपी आजही यूएसबीच्या ड्राइव्हवर वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह आणि वेगळे कार्ड लागते, पण ते काम करणारे हौशी लोक सापडतात. विंडोजने फॉरमॅट करू का असे विचारले, तर नाही म्हणावे. आधी संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा काढावी, मग आतल्या फाइली उघडाव्यात. बोर्डावर इतरांची खासगी पत्रे असतील, तर ती बाजूला काढून त्या माणसांना विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नयेत. आणि घरात एखादे माजी सिसॉप असतील, तर त्यांना बसवून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे : लाइन कशी मिळवली, बिल किती येई, पहिला फोन कुणाचा आला.